तात्या, ते वाढलेलं एक किलो

तात्या, तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या मंगळवारी मी डायलिसिसचं तीन नंबरचं मशीन तुमच्यासाठी लावून ठेवलं. नळ्या जोडल्या, सलाइनने धुऊन घेतल्या, चिकटपट्टीचे चार तुकडे फाडून स्टँडला लावले. सव्वासात झाले तरी तुमचा पत्ता नाही. मनात म्हटलं, जासईच्या रस्त्यावर ट्रेलर अडकले असणार, आता येऊन पहिल्यांदा त्या ट्रेलरवाल्यांचा उद्धार करतील आणि मग चप्पल काढतील. शेजारच्या बेडवरचे पेशंट बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "मॅडम, हे कोणासाठी?"

तेव्हा मला आठवलं, की शनिवारी दुपारी तुमच्या पायांचे अंगठे बांधले तेव्हा मी तिथेच उभी होते.

मी रडले नाही. ते मशीन पुढच्या पेशंटला दिलं, बाकीच्या पाच जणांना सुया लावल्या, पाचही पहिल्या फटक्यात लागल्या. अजूनही रडलेले नाही. जेवते, झोपते, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडते. अम्मी म्हणते, "शबाना, तू बरी आहेस ना गं?" मी म्हणते, बरी आहे. आणि खरंच, कुठेही काही दुखत नाही. सुई टोचण्याआधी आम्ही बधिर करायचं इंजेक्शन देतो ना, ते तुम्ही सहा वर्षांत एकदाही घेतलं नाहीत. ते बहुतेक सगळं मीच घेतलंय.

सहा वर्षं, आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला चार तास. माझ्या सख्ख्या मामांनाही मी एवढी भेटलेली नाही. तुम्ही मिठागरातला माणूस. कोवळ्या वयापासून उन्हात मीठ ओढलेलं, तळपायांच्या भेगा शेवटपर्यंत बुजल्या नाहीत. आणि नशिबानं किडन्या अशा बसल्या, की मीठच बंद! पहिल्या दिवशी मी तुम्हाला समोर बसवून माझे तीन नियम सांगितले होते. ते युनिटच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेले आहेत. मीठ नको. दुखण्याच्या गोळ्या मनाने नकोत. आणि स्कॅनच्या वेळी देतात ते रंगाचं इंजेक्शन नको, किडनीला वाईट. तुम्ही तीन बोटं दुमडत ऐकलंत आणि तुमच्या बायकोला, काकींना म्हणालात, "ऐक गो, आता ही आपली डाक्टरीन बाय. ही सांगंल ता खरा." मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, हे मी शंभरदा सांगितलं. तुम्ही ऐकलं नाहीत. काकींनी तर मुळीच नाही.

पहिला नियम तुम्ही तिसऱ्याच दिवशी मोडलात. तुम्ही आल्या आल्या काट्यावर उभे राहायचात. मागच्या खेपेला जाताना छप्पन्न किलो होतात आणि आता साडेअठ्ठावन्न, म्हणजे मधल्या दोन दिवसांत अडीच किलो पाणी अंगात साठलं, ते मशीनने काढायचं. आमचं सगळं युनिट त्या काट्यावर चालतं. अडीच किलो बघून मी विचारायचे, "तात्या, काय खाल्लंत?"

"कायपन नाय."

"सुकट?"

"सुकट आमच्या घरान येतच नाय."

"तात्या, माझ्याही घरात सुकट भाजतात. तुमच्या शर्टाला वास येतोय."

मग तुम्ही शर्ट हुंगून बघायचात आणि म्हणायचात, "बाय, आमचा मीठ वेगला. कारखान्यातला नाय. त्यानं काय होत नाय." सहा वर्षं हा वाद चालला. मीठ ते मीठच, तुमच्या आगरातलं असो की पिशवीतलं, हे तुम्ही मान्य केलं नाहीत. उलट एकदा खड्या मिठाची मोठी पिशवी आणून माझ्या टेबलावर आपटलीत. "ह्या खा, मग सांग मना." अम्मी अजून तेच मीठ भातात घालते. तुमच्या गावचं शेवटचं मिठागर भरावाखाली जायच्या आत मला दाखवायला नेणार होतात. मीठ धरतं त्या दिवसांत ये, पोराला, नरेशला सांगतो गाडीवरून आणायला, म्हणालात. दोन वेळा माझी सुट्टी झाली नाही, एकदा तुम्हालाच ताप आला. ते राहिलं.

रमजानमध्ये तुम्ही माझ्यासमोर पाण्याची बाटली काढायचा नाहीत. तशीही तुम्हाला दिवसाला पाऊण लिटरचीच परवानगी. "तुजा रोजा सांजचा सुटतो," म्हणायचात, "माजा कवा सुटंल गो?" मी हसायचे. आता ते वाक्य आठवलं की मी हातातलं काम थोडं जोरात करते.

आता त्या गुरुवारचं बोलते. तेच बोलायला बसलेय.

त्या गुरुवारी तुम्ही वेळेवर आलात. ट्रेलरवाल्यांना शिव्या नाहीत, काही नाही. काट्यावर अठ्ठावन्नला थोडं कमी. मी म्हटलं, वा तात्या, शहाण्यासारखे वागलात. बीपी बघितलं तर एकशे दहा. तुमचं नेहमीचं एकशे साठ. मी म्हटलं, नवीन गोळी लागू पडली. तुम्ही म्हणालात, "कंबर धरलीय. डाव्या अंगाला." मी विचारलं, कधीपासून? "परवा हितून गेलो तवापासून. नरेश खड्ड्यांतून गाडी अशी घेतो, जसा काय माल भरून चाललाय." मी हसले. तुमचा डावा गुडघा वाकलेला होता. सरळ करा म्हटलं तर म्हणालात, "नको बाय, सरल केला का कल येते." मी गुडघ्याखाली उशी दिली. आणि मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून सगळ्यांना देतो ते हेपारिन तुम्हालाही दिलं, नेहमीइतकंच. ते रक्त पातळ करतं. तुमचं रक्त तेव्हा आतल्या आत दोन दिवसांपासून वाहत होतं.

हे वाक्य मी लिहू शकते. मोठ्याने म्हणूनही बघितलं, बाथरूममध्ये नळ सोडून.

दुसऱ्या तासाला तुमचं बीपी ऐंशीवर आलं. तुम्ही जांभया द्यायला लागलात. घाम. मी पळत आले, पाय वर केले, सलाइन सोडलं, पाणी काढणं थांबवलं. दहा मिनिटांत तुम्ही सावरलात. मग मी हिशेब केला, जो आम्ही सगळे करतो. पाणी काढताना बीपी पडलं, म्हणजे अंगात काढण्यासारखं पाणी उरलेलं नाही. पण काढलेलं पाणी वजा करूनही वजन सत्तावन्न आहे, छप्पन्न नाही. मग हा वरचा एक किलो कसला? पाणी नाही तर मांस. म्हणजे तात्यांचं अंग भरलं! डॉक्टर सकाळी दुसऱ्या दवाखान्यात असतात, त्यांना फोन केला. माझा हिशेब ऐकून तेही म्हणाले, ठीक आहे, त्यांचं जातानाचं वजन छप्पन्नचं सत्तावन्न कर.

किती खूश झाले होते मी. सहा वर्षं तुम्ही काटकुळे. तुमच्या खांद्याची हाडं बघून मला माझ्या आजोबांची आठवण व्हायची. मी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले, "तात्यांचं एक किलो वाढलं! मांस चढलं अंगावर!" बाजूच्या बेडवरून टाळ्या पडल्या. तुम्ही लाजलात. "खरा सांगतेस?" म्हणालात. आणि मग, "बायकोला तूच सांग. माजा खरा नाय वाटायचा तिला." मी दारापाशी बसलेल्या काकींना आत बोलावून सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. तुमच्या कागदावर मी सत्तावन्नचा आकडा लिहिला आणि पुढे एक हसरा चेहरा काढला. मी काढते तसे, माझ्या आवडत्या पेशंटच्या कागदांवर.

काटा खोटं बोलला नाही, तात्या. अंगात किती आहे तेवढंच तो सांगतो. कुठे आहे ते त्याला कोणी विचारतच नाही. शिरांतून निघून पाठीशी जाऊन साचलेलं रक्तही तुमच्याच अंगात होतं, म्हणून काट्यावर ते पुरेपूर भरलं. बाहेर सांडलं असतं तर मी बघितलं असतं.

सुया काढल्यावर तुमच्या हातातलं रक्त थांबायला नेहमी दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी पंचवीस लागली. मी दोन बोटांनी दाबून बसले होते आणि तुम्ही हात हलवता म्हणून मीच तुम्हाला रागावत होते. तुम्ही म्हणालात, "बस ना गो जरा. तेवढाच आराम तुना." पंचवीस मिनिटं माझी बोटं तुमच्या रक्तावर होती. आपण सुकटीबद्दल भांडलो. त्या रक्ताने यापेक्षा जवळून मला आणखी काय सांगायला हवं होतं, माहीत नाही.

तुमचं सगळं आटोपल्यावर, पुढच्या आठवड्यात, मी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "शबाना, बीपी पडलं की आपण पहिल्यांदा वजन बघतो. मी असतो तरी तेच केलं असतं. आणि हो म्हणणारा मी होतो."

मी म्हटलं, "तुम्ही कंबर बघितली नव्हती. मी उशी दिली होती."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, की किडनीच्या पेशंटचं हेच अवघड असतं. दुसरा कोणी पांढराफटक पडून आला तर आपण विचारतो, रक्त कुठे गेलं? हे तर वर्षानुवर्षं पांढरेच. हिमोग्लोबिन कमी, तर ते कमीच असतं. बीपी पडलं, तर पाणी जास्त ओढलं. पोट दुखलं, तर गोळ्यांनी गॅस झाला. प्रत्येक गोष्टीला आपल्याकडे उत्तर तयार असतं, म्हणून आपण प्रश्न विचारत नाही. त्यांनी हे चांगल्या मनाने सांगितलं. मला त्यांचा राग आला. तुमचाही आला. जरा ओरडायचं होतं ना, तात्या! ट्रेलरवाल्यावर ओरडता, तसं माझ्यावर ओरडायचं. "बाय, उशी नको, हात लावून बघ," असं म्हणायचं. पण तुम्ही मला डॉक्टरीन समजत होतात. मी हसत होते म्हणजे सगळं बरं असणार, असं तुम्ही धरलंत.

शनिवारी नरेशने तुम्हाला जवळजवळ उचलूनच आणलं. ओठ राखाडी, हात थंड. मशीन लावायच्या आधीच बीपी ऐंशी. त्या दिवशी मात्र मी मशीन लावलं नाही. डॉक्टर आले, त्यांनी डाव्या कुशीत हात दाबला आणि त्यांचा चेहरा बदलला. रक्त तपासायला पाठवलं. खालच्या मजल्यावर सोनोग्राफी केली. रिपोर्ट आला, की पोटात रक्त दिसत नाही, गॅसमुळे मागचं नीट दिसत नाही. पहिली ओळ वाचून आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. दुसरी ओळ फक्त डॉक्टरांनी नीट वाचली. रक्त पोटाच्या पोकळीत नव्हतंच, ते मागे होतं, वाळलेल्या किडनीच्या भोवती. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब सीटी स्कॅन. स्कॅन सेंटर गाडीने पाच मिनिटांवर. तुम्हाला स्ट्रेचरवर घातलं, तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "सकाली काय खाल्ला नाय हां आज. वजन बघू नको." त्याही वेळी तुम्ही माझीच समजूत काढत होतात.

तिथे जे झालं ते मला नरेशने नंतर सांगितलं. तिथल्या माणसाने फॉर्म भरताना विचारलं, रंगाचं इंजेक्शन द्यावं लागेल, किडनीचा काही त्रास आहे का? आणि काकी पुढे झाल्या. माझ्या काकी, ज्यांना दवाखान्यात नीट बोलताही येत नाही, त्या त्या दिवशी दार अडवून उभ्या राहिल्या. "रंगाचा इंजेक्शन नाय म्हंजे नाय. आमच्या बायनं सांगितलाय." नरेशने समजावलं. त्या म्हणाल्या, "बायला ईचार. ती हो म्हनाली का मंग द्या."

नरेशने मला सात फोन केले. माझा फोन कपाटात होता. युनिटमध्ये फोन जवळ ठेवायचा नाही, हाही माझाच नियम. इकडे मी पाच मशीन सांभाळत होते आणि तुमचा स्कॅन झाला असेल असं समजत होते. दीड तास गेला. शेवटी डॉक्टरांनीच चौकशीला फोन केला आणि ते ओरडले, की रंग नको असेल तर रंगाशिवाय करा, पण करा! रंगाशिवायही ते रक्त स्वच्छ दिसलं. शहाळ्याएवढी गाठ. आणि रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन आठाचं पाच झालं होतं. रक्ताच्या पिशव्या मागवल्या, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलशी बोलणं झालं, फुटलेली शीर आतूनच बंद करता येते म्हणाले. रुग्णवाहिका खाली येऊन उभी राहिली. तुम्हाला परत वर आमच्याकडे आणलं होतं, दोन माळे उतरवायचे तेवढे बाकी होते, तेवढ्यात तुम्ही गेलात.

तो नियम चुकीचा नव्हता. पण तो कधी मोडायचा, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. कारण ते मलाही कधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. तुमच्या घरात माझा शब्द तेवढा एकच पाळला गेला. सुकटीच्या बाबतीत पाळला नाहीत, पाण्याच्या बाबतीत नाही. हा पाळलात.

चौथ्या दिवशी नरेशचा फोन आला. शेवटची आंघोळ घालताना त्याला तुमच्या डाव्या कुशीवर निळं-काळं दिसलं होतं. "ते काय होतं, मॅडम?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचार. फोन ठेवून दिला. मी एवढी भित्री आहे हे मला माहीत नव्हतं.

बाराव्याला मी तुमच्याकडे आले. पनवेलहून सहा आसनी रिक्षा मिळाली, तुमच्या फाट्यावर खरंच ट्रेलर अडकले होते. मी रिक्षातूनच त्यांना तुमच्यासारखी एक शिवी घालून बघितली. जमली नाही. ओटीवर बायका बसल्या होत्या. काकींनी मला हाताला धरून मध्ये बसवलं आणि सगळ्यांना म्हणाल्या, "ही ती बाय." मग म्हणाल्या, "शेवटच्या आठवड्यान बरं होत आले होते ते. अंगावर मांस चढला होता. सांग ना गो यांना, किती किलो वाढलेला?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. तुमचा फोटो मागे होता, हार घातलेला, त्यात तुम्ही शर्टाची वरची गुंडी लावली होती, जी तुम्ही कधी लावत नव्हतात.

मी म्हटलं, "एक किलो."

"बगा," काकी म्हणाल्या.

मला जेवण वाढलं. तुमच्या आवडीचं होतं. मीठ अगदी बेताचं होतं, सुकट सोडली तर सहा वर्षांत त्या घराला तशीच सवय झालेली. मी सगळं जेवले. येताना काकींनी दारात माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मला वाटलं, आता येईल रडू. आलं नाही.

त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात होती. तुमच्या बायकोकडे तुमचं उरलेलं जे एक सुख आहे, ते माझ्या चुकीचं आहे. सांगितलं, तर ते सुख जातं. नाही सांगितलं, तर ती माऊली जन्मभर लोकांना सांगत राहणार, की बरं होत आले होते. आणि माझं नाव घेऊन सांगणार.

परवा, गुरुवारी, काकी युनिटवर आल्या. नेमक्या तुमच्या वेळेला. तुमची पांघरायची चादर आमच्या कपाटात राहिली होती ती न्यायला, आणि तुमच्या न उघडलेल्या गोळ्या कोणा गरजूला द्यायला. नरेश खाली गाडीपाशी होता. मी त्यांना वजनकाट्याशेजारच्या बाकावर बसवलं. पाणी दिलं. आणि मी बोलायला लागले. थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात बोलले. गुडघ्याखालच्या उशीपासून कपाटातल्या फोनपर्यंत सगळं. शेवटी म्हटलं, "काकी, ते मांस नव्हतं. ते रक्त होतं. माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं असतं तर गुरुवारीच स्कॅन झाला असता, आणि दोन दिवस मिळाले असते."

"मंग वाचले असते?"

"माहीत नाही. कदाचित."

काकी चादरीची घडी घालत राहिल्या. घडी झाली, ती उलगडली, परत घातली. हॉलमधल्या मशीनचे आवाज येत होते. मी वाट बघत होते, की त्या मला मारतील, किंवा मोठ्याने रडतील, किंवा म्हणतील, तुझी चूक नाही बाय. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

"रंगाच्या इंजेक्शनला मी नाय बोलले," त्या म्हणाल्या.

"मी शिकवलं होतं म्हणून, काकी."

"मी बोलले." मग चादर मांडीवर ठेवून, "गुरवारी घरी जाऊन दोन भाकरी खाल्ल्यान. रोजची अर्धी खायचे. कंबर दुकत होती तरी ताठ बसून खाल्ल्यान. बोलले, एक किलो वाढलाय, आता उतरवू देऊ नको. आमी दोघा हसलो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ता तरी खोटा नव्हता ना?"

"नाही काकी. ते खरं."

"मंग तेवडा रावदे मना."

उठल्या. दारापाशी त्या भिंतीवरच्या माझ्या तीन नियमांसमोर थांबल्या. त्यांना वाचता येत नाही, पण कुठला कागद आहे हे माहीत आहे. त्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्या बदल." मी म्हटलं, बदलते. जाताना त्यांनी या वेळी माझ्या गालावरून हात फिरवला नाही. फिरवायला नकोच होता.

कागद मी त्याच दिवशी बदलला. तिसऱ्या नियमाखाली आता आणखी एक ओळ आहे: डॉक्टर जीव वाचवायला स्कॅन सांगत असतील तर अडवू नका, रंग द्यायचा की नाही ते तेच ठरवतील. आणि युनिटच्या फोनचा नंबर, जो मी स्वतः उचलते. आज पाच नंबरच्या बेडवरच्या बाईंचं बीपी पडलं. माझा हात सवयीने वजनाच्या आकड्याकडे गेला. मी तो मागे घेतला, हेपारिन बंद केलं आणि विचारलं, कुठे दुखतंय का? त्या म्हणाल्या, पोटात. मी मशीन थांबवून डॉक्टरांना बोलावलं, रक्त तपासलं, स्कॅन झाला. काही नव्हतं, तात्या. सकाळी दोन वडापाव खाऊन आल्या होत्या. त्यांचा नवरा माझ्यावर खूप चिडला, दिवस फुकट गेला म्हणाला. मी ऐकून घेतलं.

सगळे गेल्यावर मी तुमची फाइल काढली. गुरुवारचा कागद. सत्तावन्न, आणि त्याच्यापुढचा तो हसरा चेहरा. खोडायला पेन उचललं होतं. मग तुम्ही ताठ बसून दोन भाकरी खाल्ल्यात ते आठवलं, आणि काही खोडलं नाही. त्याखाली माझ्या पूर्ण नावानिशी लिहिलं: हे मांस नव्हतं, आत साचलेलं रक्त होतं, मी ओळखलं नाही.

मग बोट तिथेच ठेवून बसले. सुई काढल्यावर दाबून बसते तशी. घड्याळात बघितलं तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती आणि कागद ओला झाला होता.